नर्सबाईचा फंड

सेलूच्या प्रसूतिगृहातून तानाबाई हिवरे निवृत्त झाली ती १९५७ च्या फेब्रुवारीत. सत्तावीस वर्षं नोकरी झाली होती. एका कापसाच्या व्यापाऱ्याने आपल्या आईच्या नावानं काढलेलं ते सहा खाटांचं प्रसूतिगृह. व्यापारी केव्हाच वारला होता, आता ट्रस्ट ते चालवायचा आणि हिरालालशेठ ट्रस्टचे सेक्रेटरी होते. निरोपाच्या दिवशी त्यांनी तिला नारळ दिला, लुगडं दिलं आणि भाषण केलं. भाषणात ती साऱ्या सेलूची माय होती. टाळ्या थांबल्यावर तानाबाईनं एवढंच विचारलं, "शेठजी, फंड कवा भेटन?"

"महिन्याभरात, नर्सबाई. तुमचा पैसा कुठं पळून चालला?" शेठ हसून म्हणाले.

फंडात दोन हजार नऊशेच्या वर रक्कम होती. दर महिन्याला पगारातून रुपयामागे एक आणा कापला जायचा, तेवढीच भर ट्रस्ट घालायचा. तानाबाईनं या पैशाचं काय करायचं ते कधीच ठरवून ठेवलं होतं. प्रसूतिगृहामागची खोली मार्चअखेर सोडावी लागणार होती. वर्ध्याला लागून नालवाडीत दोन खोल्यांचं एक कौलारू घर तिनं पाहून ठेवलं होतं, शंभर रुपये इसार दिला होता. बाकीचे पैसे मार्च संपायच्या आत द्यायचे, नाहीतर घर दुसऱ्याला जाणार आणि इसारही बुडणार. घर घेऊन जे उरेल त्याची पोस्टातली बचत सर्टिफिकेटं घ्यायची, मुलीच्या नावानं.

मुलगी सुलोचना सव्वीस वर्षांची होती. दोन वर्षांची असताना तापात तिचा डावा पाय गेला होता. ती काठी घेऊन चालायची आणि हातमशीनवर शिवणकाम करायची. तिचं लग्न जमलं नव्हतं, जमेल असं आता दोघींनाही वाटत नव्हतं. आपण गेल्यावर हिचं कसं, हा एकच विचार तानाबाईला होता, आणि त्याचं उत्तर त्या फंडात होतं.

निरोप होऊन आठ दिवस झाले असतील. दुपारी तिचा धाकटा भाऊ बंडूजी दारात उभा राहिला. त्याच्यामागे कडक इस्त्रीच्या धोतरातला, काळी टोपी घातलेला एक म्हातारा होता.

"ओळखलं नाई का, बाई?" बंडूजी म्हणाला. "महादेवराव आहेत."

तानाबाईचा नवरा. चोवीस वर्षांपूर्वी, सुलोचनेचा पाय गेला त्या वर्षी, पुलगावला गिरणीत काम पाहतो म्हणून गेला होता, तो परत आला नव्हता. पत्र नाही, पैसा नाही. पुढे तो तिथल्या लष्करी डेपोच्या एका ठेकेदाराकडे मुकादम झाला, दुसरी बायको केली, एवढं तिला कळलं होतं.

दोघं सतरंजीवर बसले. सुलोचनेची मशीन थांबली.

"झालं गेलं ते जाऊ दे," महादेवराव म्हणाला. "आता आपलं वय झालं. तू एकटी, पोरगी अशी. दिवस कसे आले ते पाह्य. काल मध्यप्रदेशात होतो, आज मुंबईच्या राज्यात गेलो. एप्रिलपासून पैसेबी बदलून राह्यले, नवे पैसे येनार म्हन्तेत. अशा वक्ती बाईमाणसानं एकटं राह्यनं बरं नाई. पुलगावले चाल."

"आन् फंड?" तानाबाईनं विचारलं.

महादेवरावानं बंडूजीकडे पाहिलं. बंडूजी म्हणाला, "महादेवराव लॉरीत भागी घेऊन राह्यले, बाई. डेपोचा माल वाह्यची लॉरी. सालभरात दुप्पट होते पैसा. पोस्टात ठेवून काय भेटते?"

"मी काई माह्यासाठी मांगून नाई राह्यलो," महादेवराव म्हणाला. "पोरीचं पाह्यचं का नाई?" मग त्यानं सुलोचनेकडे पाहिलं, आवाज मऊ केला आणि विचारलं, "पोरीच्या डोळ्याचं कसं आहे आता? काई दिसते का?"

सुलोचनेच्या बोटांत सुई होती. तिनं ती कापडात टोचून ठेवली, काठी घेतली, उठली आणि पाय ओढत खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला माठापाशी गेली. फुलपात्र भरून पाणी प्याली. तशीच परत आली आणि मशीनपाशी बसली. बापाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

महादेवरावाचा चेहरा उतरला. "मले वाटलं..."

"उठ," तानाबाई म्हणाली.

तिनं आयुष्यात नवऱ्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. बंडूजी दचकला. "बाई, अवं..."

"उठ आन् निंघ इथून! पोरगी आंधळी हाय का लंगडी हाय ते माहीत नाई तुले, आन् तिचं पाह्यले आला? चोवीस सालात एकदा तरी विचारलं, पोरगी जिती हाय का मेली? मी मिरगात गुडघाभर चिखलातून बाळंतपनं करत फिरत होतो तवा तू कुठं होता? इले पाठुंगळी घेऊन शाळेत नेत होतो तवा कुठं होता? आता पैशाचा वास आला तं आला!"

"नवरा आहे तो, बाई," बंडूजी म्हणाला. "चार लोकं काय म्हन्तीन?"

"चार लोकायनं पोसली का माही पोरगी? तू पोसली? तूच आनला याले माह्या घरात. तूबी निंघ."

महादेवराव दारात वहाणा घालताना वळला. आता त्याच्या आवाजात मऊपणा नव्हता. "फंडाच्या कागदावर माहं नाव आहे. ध्यानात ठेवजो."

ते खरं होतं. १९३० साली नोकरीला लागताना फॉर्म भरला, त्यात 'मृत्यूनंतर रक्कम कोणास द्यावी' या रकान्यात कारकुनानं न विचारताच नवऱ्याचं नाव लिहिलं होतं. तानाबाईनं खाली सही केली होती. पुढे ते नाव बदलायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. तिला स्वतःचाच राग आला. 'मी मेलो असतो तं?' हा विचार त्या दिवशी तिच्या डोक्यातून गेला नाही. मध्ये दोन वर्षांपूर्वी तिला टायफॉइड झाला होता, महिनाभर ती उठली नव्हती. तेव्हा ती गेली असती तर सारा पैसा याच्या हातात पडला असता आणि सुलोचना रस्त्यावर आली असती.

दुसऱ्या आठवड्यात ती पैसे मागायला हिरालालशेठच्या पेढीवर गेली. शेठ गादीवर बसले होते. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला, आणि चहा मागवला तेव्हाच तानाबाईला कळलं की काहीतरी बिघडलं आहे.

"अर्ज आला आहे, नर्सबाई," शेठ म्हणाले. "तुमच्या घरधन्याचा."

तानाबाईनं कागद हातात घेतला. मराठी चौथी होऊन ती नागपूरला दाईचं शिक्षण घेऊन आली होती, तिला कोणाकडून वाचून घ्यायची गरज नव्हती. अर्जात लिहिलं होतं की आम्ही नवरा-बायको एकाच कुटुंबातले, पत्नी केवळ नोकरीनिमित्त सेलूस राहत होती. आता निवृत्तीनंतर ती पुलगावास घरी येणार असल्यानं फंडाची रक्कम कुटुंबप्रमुख या नात्यानं मला मिळावी. फॉर्मवर माझं नाव आहेच. खाली साक्षीदार म्हणून बंडूजीची सही होती.

"हे खोटं हाय," ती म्हणाली. "अक्षर न् अक्षर खोटं हाय."

"असेल. पण कमिटीला विचारावं लागेल ना? दोघांच्या सहीनं रक्कम उचला, भांडण मिटेल. भाऊपण म्हणतो तुमचा."

"काऊन दोघायच्या सहीनं? पगार माह्या एकटीच्या सहीनं देत होते. सत्तावीस साल देत होते. तवा कुठं गेलता कुटुंबप्रमुख?"

"अहो, रागवू नका. जमाना खराब आहे. इलेक्शन चालू आहे, राज्य बदललं, उद्या कोणता कायदा येईल कोणाला ठाऊक! एवढी रक्कम बाईच्या हाती दिली आणि काही झालं तर बोल ट्रस्टवर येईल. मी तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

"माहं भलं मले समजते, शेठजी. फॉर्मवर काय लिवलं हाय? मेल्यावर. मी मेलो का? पाहा बरं नीट. जिती बसली हाय तुमच्या समोर."

पेढीवरची दोन गिऱ्हाइकं हसली. शेठना ते आवडलं नाही. "वीस मार्चला कमिटी बसेल. तेव्हा काय ते होईल," एवढं बोलून त्यांनी वही उघडली.

चहा तसाच ठेवून तानाबाई बाहेर पडली.

घरी येऊन तिनं सुलोचनेला सगळं सांगितलं. सुलोचना म्हणाली, "मा, त्याच्या घरी जाऊन पाह्य ना, खरं काय हाय ते. अर्जात त्यानं दुसऱ्या बायकोचं नावच नाई घेतलं."

तानाबाई उठली ती दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं पुलगावला गेली. आपण कशासाठी जातो आहोत हे तिचं तिलाही नीट कळत नव्हतं. भांडायला जात होती असंच म्हणायला हवं. सवतीच्या दारात उभं राहून चार शब्द बोलायचे, शेजाऱ्यांना ऐकवायचे, एवढंच मनात होतं. विचारत विचारत ती चाळीपाशी पोचली. एका दारापुढे एक बाई गहू निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं, आणि सूप बाजूला ठेवून ती धावतच पुढे आली.

"नर्सबाई! तुमी इकडं कशा? या, या, आत या."

मंदाबाई. महादेवरावाची दुसरी बायको. ही आपल्याला ओळखेल, आणि अशी ओळखेल, हे तिनं धरलंच नव्हतं.

सोळा वर्षांपूर्वी, १९४१ च्या पावसाळ्यात, सेलूजवळच्या माहेराहून मंदाबाईला बैलगाडीत घालून प्रसूतिगृहात आणलं होतं. पहिलं बाळंतपण, मूल आडवं, दोन दिवस कळा. डॉक्टर वर्ध्याला गेले होते. तानाबाईनं एकटीनं मूल फिरवून मोकळं केलं. बाई वाचली, पोरगाही वाचला. मग रजिस्टरमध्ये नोंद करताना तिनं बापाचं नाव विचारलं आणि मंदाबाईच्या आईनं ते सांगितलं. नाव, आडनाव, पुलगाव. तानाबाईनं ते आपल्या हातानं लिहिलं, खाली सही केली आणि कोणाला काही बोलली नाही.

आता मंदाबाईनं तिला आत नेलं, पाट दिला. "माहा पोरगा पाहा ना केवढा झाला. गिरणीत लागला यंदा. तुमच्यामुळं जिता हाय."

"मंदाबाई," तानाबाई म्हणाली, "महादेवरावची पहिली बायको कुठं हाय, माहीत हाय का तुले?"

"ते तं मेली ना. लग्नाच्या आधीच. पोरगीबी मेली म्हने, तापानं."

"मी हो ते पहिली बायको."

मंदाबाई हसली. मग हसू थांबलं. तानाबाईनं अर्जाचं, फंडाचं, लॉरीचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मंदाबाई लाल झाली. "लॉरी! माह्या पाटल्या इकल्या त्यानं त्या लॉरीसाठी. दिवाळीत. भागीदार पळून गेला म्हने, आता दुसरा भागीदार भेटला म्हने. कोठची लॉरी आन् कोठचं काय! मी एक चाकबी नाई पाह्यलं त्या लॉरीचं. सट्टा खेळते तो, नर्सबाई, सट्टा!"

आणि एकाएकी तिनं विचारलं, "तुमाले तवाच माहीत होतं. माह्या पोराच्या नावापुढं बापाचं नाव तुमीच लिवलं. मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुह्या पोटात पोर आडवं होतं. तवा काय सांगू?"

"आन् मंग? दहा दिवस होती मी तिथं. मंगबी नाई सांगतलं. सोळा साल झाले. सांगतलं असतं तं मी याच्या हातात पाटल्या देल्या असत्या का?"

तानाबाई भांडायला आली होती आणि तिच्याशीच कोणी भांडत होतं, तेही बरोबर भांडत होतं. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. त्या वेळी ती गप्प बसली होती ती दयेनं नव्हे. नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणून लोक आपल्याकडे बोट दाखवतील, या भीतीनं ती गप्प बसली होती. तिनं ते तसंच सांगून टाकलं. निघताना मंदाबाईनं विचारलं, "कमिटी कवा हाय?"

वीस तारखेला प्रसूतिगृहाच्या पुढच्या खोलीत कमिटी बसली. हिरालालशेठ आणि दोन मेंबर. महादेवराव आणि बंडूजी आधीच येऊन बाकावर बसले होते. तानाबाई जन्मनोंदीचं जुनं रजिस्टर घेऊन आत आली. सुलोचना काठी टेकत तिच्यामागे आली.

"हे पाहा," तानाबाईनं रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं. "जुलै, एक्केचाळीस. आई मंदाबाई. बाप कोन ते वाचा. माहं अक्षर हाय, माही सही हाय. अर्जात म्हन्ते आमी एका घरचे. मंग एका घरातल्या बाईनं आपल्याच नवऱ्याचं पोर दुसऱ्या बाईच्या पोटातून काढलं का?"

मेंबरांनी वाकून वाचलं. एकानं घसा साफ केला. शेठ म्हणाले, "दुसरं लग्न तेव्हा काही गुन्हा नव्हता, नर्सबाई. त्यानं काही..."

"गुन्ह्याचं कोन म्हन्ते? खोटं लिवलं का नाई ते सांगा."

"मी सांगते," दारातून आवाज आला.

मंदाबाई आली होती. सोबत कोणी नव्हतं, एकटीच गाडीनं आली होती. महादेवराव बाकावरून उठला. "तू इथं काऊन आली? घरी जाय!"

तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. शेठकडे पाहून म्हणाली, "सतरा साल झाले मी याच्या घरात हाय. ह्या बाईनं एक दिवस आमच्या घरात पाय नाई ठेवला. यानं मले सांगतलं होतं का पहिली मेली. लॉरीबिरी काई नाई. माह्या पाटल्या गेल्या तशे हे पैसे जातीन."

महादेवरावानं हात उगारला. तो हात खाली येण्याआधीच सुलोचनेनं काठी दोघांच्या मध्ये आडवी घातली. बंडूजीनं पुढे होऊन महादेवरावाला मागे ओढलं.

"आता घरात पाय नोको ठेवजो!" महादेवराव मंदाबाईवर ओरडला.

"घराचं भाडं कोन भरते?" मंदाबाई म्हणाली. "माहा पोरगा भरते. पाहू कोन कोनाले काढते ते."

शेठनी हात वर केला. "हे पाहा, असं करू. वातावरण थोडं निवळू द्या. एप्रिलमध्ये नवे पैसे सुरू झाले की मग शांतपणे..."

तानाबाईनं टेबलावर हात आपटला. "एप्रिलमंदी माहं घर जाते! शेठजी, एक करा. तुमी नाई म्हन्ता ना, तं कागदावर लिवून द्या. तानाबाईले तिचा फंड देत नाई, कारन तिच्या नवऱ्यानं खोटा अर्ज केला. तिघंबी सह्या करा. तो कागद आन् हे रजिस्टर घेऊन मी उद्या वर्ध्याले कोर्टात जातो. वकील काय म्हन्ते ते पाहू."

तिनं दौत त्यांच्यापुढे सरकवली. शेठनी दौतीकडे पाहिलं. व्यवहारात मुरलेला माणूस, कशावर सही करायची आणि कशावर नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन्ही मेंबर खिडकीबाहेर पाहू लागले.

"एवढं टोकाला जायचं काही कारण नाही," शेठ अखेर म्हणाले. "तुमचा पैसा आहे. तुम्हालाच मिळेल."

"कवा?"

"दोन दिवसात."

"आज. मी इथंच बसतो."

ती बसली. सुलोचना बसली. मंदाबाईही भिंतीला टेकून बसली. संध्याकाळी चारच्या सुमारास पेढीवरून रक्कम आली, तेव्हा महादेवराव कधीच निघून गेला होता. तानाबाईनं नोटा दोनदा मोजल्या. "सेलूची माय म्हनत होते ना मले, शेठजी?" सही करताना ती म्हणाली. "मायचा पैसा द्याले पाच आठवडे लावले."

बाहेर आल्यावर तिनं मंदाबाईला पन्नास रुपये देऊ केले. मंदाबाईनं घेतले नाहीत. "मले तुमचे पैसे नोको," ती म्हणाली. "मी माह्या पाटल्याच्या रागानं आली." आणि ती स्टेशनाकडे चालू लागली. पुढे ऐकायला आलं ते एवढं, की तिच्या मुलानं पगार बापाच्या हातात देणं बंद केलं आणि आईच्या हातात देऊ लागला. महादेवराव त्याच घरात राहिला, कारण त्याला दुसरीकडे जायला जागा नव्हती.

गुढीपाडव्याच्या आतच मायलेकी नालवाडीला राहायला गेल्या. उरलेल्या पैशाची सर्टिफिकेटं सुलोचनेच्या नावानं झाली. वर्ध्याच्या बायका शिवायला कापड आणून टाकू लागल्या.

मे महिन्यात बंडूजी आंब्यांची टोपली घेऊन आला. तानाबाई दारातच आडवी उभी राहिली.

"बाई, मले वाटलं होतं तुह्या भल्याचंच..."

"मले विचारलं होतं का? खोट्या कागदावर सही केली तवा एकदा तरी येऊन विचारलं? चोवीस साल माह्या घरी जेवाले येत होता, दर रक्षाबंधनाले येत होता. तुले माहीत नव्हतं का पोरीचा पाय गेला हाय ते? तो डोळे म्हने तवा तू काऊन गप बसला?"

बंडूजीनं टोपली पायरीवर टेकवली. उन्हात त्याचा सदरा घामानं चिंब झाला होता. आतून सुलोचना तांब्या घेऊन आली. "मा, पानी तं पिऊ दे."

"पिऊ दे. पायरीवर बसून पिऊ दे."

तो पायरीवर बसून पाणी प्याला. आंब्यांची टोपली तिथंच ठेवून गेला. तानाबाईनं ती आत घेतली नाही. दुपारी सुलोचनेनं न विचारता घेतली, रस काढला, पोळ्या केल्या आणि आईचं ताट वाढलं. तानाबाई ताटावर बसली, पण राग गेला नव्हता, मोडलेला घास तिनं परत ताटात ठेवला. "तू जेव," ती मुलीला म्हणाली, आणि हात धुऊन उठली.